टोपीचा रंग तपकिरी

४ सप्टेंबर

पाकीट परत! चाळीस वर्षांत पहिल्यांदा हर्बेरियमने, वाळवलेले नमुने जपणाऱ्या त्या संग्रहालयाने, माझं नमुन्याचं पाकीट परत पाठवलं. आत वाळवलेली अळंबी, वर नव्या नोंदणीबाईंची चिठ्ठी – ‘टोपीचा रंग तपासावा. फोटोत जांभळा दिसतो, आपण तपकिरी लिहिला आहे.’

तपासावा म्हणे! वाळल्यावर सगळ्याच अळंब्या मळक्या दिसतात, म्हणून तर रंग डोंगरावर जागच्या जागी लिहायचा असतो. मी लिहिला. बाई त्या दिवशी सोबत होत्या, मोबाइल नाचवत. आता मोबाइल खरा आणि मी खोटा.

५ सप्टेंबर

डोकं अजून तापलेलंच. ही म्हणाली, ‘अहो, एक शब्द बदलायचा, त्यात काय एवढं?’ ताटावरून उठलो.

एक शब्द! या कुळातल्या सगळ्या अळंब्या जांभळ्या. तपकिरी एकही कुणी नोंदलेली नाही. तपकिरी म्हणजे नवी जात. एवढे डोंगर तुडवले, माझी अशी ही पहिलीच. ती मी कालच्या पोरीला खोडू देऊ?

९ सप्टेंबर

हर्बेरियममध्ये गेलो. बाईंनी ड्रॉवरमधून रंगतक्ता काढून पुढे सरकवला. ‘काका, पुढच्या वेळी यावर ताडून बघाल का?’ काका! तक्ता मी शेवटचा कधी उघडला, आठवतही नाही. हातच्या काकणाला आरसा कशाला? तसं तोंडावर सांगितलं.

तर हळूच म्हणतात, ‘मागच्या सहा वर्षांच्या तुमच्या पाकिटांत निळं-जांभळं कुठेच नाही हो.’ म्हणजे माझी जुनी पाकिटं उपसत बसल्या होत्या! कुणी सांगितलं होतं?

घरी येऊन तडक हर्बेरियमच्या साहेबांना पत्र लिहिलं. दोन पानं. ‘नाचता येईना अंगण वाकडं’ हेही लिहिलं. खोडलं. पुन्हा लिहिलं.

१० सप्टेंबर

पत्र टाकलं. पोटभर जेवलो.

१७ सप्टेंबर

उतारावर आपटलो. गुडघा सोलला, टोपली वाचली. धुक्यात ओंडका दिसला नाही. हिचं म्हणणं, धुकं नव्हतंच. ओढत डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, जुना. ऐन हंगामात! उजव्याचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात, डाव्याचं नंतर. ‘इतकी वर्षं काय करत होता?’ – डॉक्टर. काम करत होतो, म्हटलं.

२२ सप्टेंबर

साहेबांचं उत्तर आलं. पाकीट जसंच्या तसं दाखल करून घेतलं. बाईंना नोंदणीवरून काढलं, आता त्या तळघरात लेबलं चिकटवतात. चांगली खोड मोडली.

‘ज्येष्ठांचा मान’ वगैरे लिहिलंय, त्याने मात्र तळपायाची आग मस्तकात गेली. वयाचा मान कुणी मागितला होता? माझं बरोबर आहे म्हणून माझं ऐका ना!

वनरक्षकाला निरोप दिला – पाकिटातली अळंबी जिथे सापडली, त्याच पडलेल्या झाडाखालची ताजी मिळाली तर पाठव. नव्या जातीचं चित्र काढायला लागेल.

२५ सप्टेंबर

उजवा डोळा झाला. पट्टी. ओळी तिरक्या जाताहेत. ही पेपर वाचून दाखवते आणि नको तिथे थांबून स्वतःचं मत देते. वैताग!

२६ सप्टेंबर

सकाळी पट्टी काढली. घरी आलो तर वनरक्षकाची अळंबी टेबलावर, ओल्या शेवाळात गुंडाळलेली.

डाव्या डोळ्याने पाहिली. तपकिरी.

उजव्याने पाहिली. जांभळी. दुसरं काही म्हणताच येणार नाही इतकी जांभळी.

हिला बूट मागितले. ‘डॉक्टरांनी बाहेर पडू नका सांगितलंय.’ तळघरापर्यंतच जायचंय, म्हटलं. बाईंपुढे बोलायची वाक्यं जुळवतोय. साहेबांना लिहिलेली दोन पानं तेवढी शब्दन्‌शब्द पाठ आहेत.