दोन झनकलाल

झनकलालदादा,

तुले दादा म्हणायले जीभ वळत नाही. तू दुसरीतला पोरगा, अन् माझी नातवंडांची वाट पाहायची उमर झाली. तू होता, हेच मले परवा समजलं.

माझ्या पोरीच्या, डिंपलच्या, जात पडताळणीसाठी माझा दाखला काढायले गावच्या शाळेत गेलो होतो. गुरुजीनं जुनं दाखल-खारीज रजिस्टर उघडलं अन् म्हणाले, "तुमच्या बाबाजीचे, तेजरामजीचे, पोरगे झनकलाल दोन दिसून राहिले भाऊ. यातले तुम्ही कोणते?" वरच्या नावापुढं लाल शाईनं 'मयत' लिहिलं होतं. खालचा मी.

बाबाजीनं तुझंच नाव मले देलं, पण मायनं ते कधी तोंडातून काढलं नाही. मले 'बाबू'च म्हणे. गावच्या तलावात कधी पाय टाकू देला नाही. काहून, ते आता समजून राहिलं.

सालभरापासून मायचं ध्यान जागेवर नाही. तलावाकडं तोंड करून हाक मारते, "झनक, ये ना रे, भात थंडा होऊन राहिला." पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी रडलो. मायनं शेवटी माझं नाव घेतलं, असं वाटलं. रोज "आलो माय" म्हणून ताटावर बसत होतो.

काल तिनं हाक मारली अन् माझे पाय उठेनात. ती मारतच राहिली. शेवटी गेलोच. तिनं माझं डोकं चाचपलं अन् हसून म्हणाली, "आज केस कोरडे आहेत रे तुझे."

तुझ्या नावावर जगलेला,
बाबू