चप्पल काठावरच होती

बडनेरा
बुधवार, ३ डिसेंबर २०२५

प्रिय आत्या,

मागच्या पत्रात मी एक वाक्य चुकीचं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. मी लिहिलं होतं, ‘पूजेच्या दिवशी बोटीत तुझी चप्पल घसरली, मला फार वाईट वाटलं.’ वाईट वाटलं हे खरं आहे. चप्पल घसरली हे खोटं आहे. नारळ फोडायचा म्हणून तू चपला काठावरच, बोटीत चढायच्या लोखंडी फळीच्या अलीकडे काढल्या होत्यास. तुला दवाखान्यात नेल्यावर मीच त्या उचलून आणल्या. आमच्या दारामागे ठेवल्या आहेत, तळाला अजून काठावरची कोरडी माती आहे. बोटीत तू अनवाणी होतीस, आणि तुझा पाय मी बसवलेल्या फरशीवरून घसरला.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तू ‘राहू दे वो पोरी, हात काय, जुळून जाते’ म्हणतेस आणि ठेवून देतेस. शिवाय बाबा खोलीत असतात. म्हणून पाकीट चिकटवून तुझ्या शिवमच्या हाती देते आहे. त्याला सांगितलंय की आईच्या हातात द्यायचं, स्वतः वाचून दाखवायचं नाही. उजव्या हाताला प्लॅस्टर असलं तरी डाव्या हातात कागद धरता येतो ना? अक्षर मुद्दाम मोठं काढते आहे.

तू विचारलं होतंस, बोटीचं काम आपल्याकडे आलंच कसं. दिवाळीच्या आधी परतवाड्याकडचे देवीदासजी आपल्या फरशीच्या दुकानात आले. संत्र्याच्या बागेजवळ त्यांनी पाहुण्यांसाठी चार खोल्या बांधल्या आहेत, आणि मागच्या धरणाच्या पाण्यात फिरायला पंचवीस माणसांची बोट घेतली आहे. बोटीचा तळ नुसता फायबरचा, पांढरा, उघडा. ते बाबांना म्हणाले, ‘खुशालराव, घराची फरशी तुमी करता, मंग बोटीची काहून नाही?’ बाबा माझ्याकडे बघून म्हणाले, ‘हे पोट्टी करीन.’ आत्या, इतकी वर्षं मी त्यांच्या हाताखाली सिमेंट कालवलं, लेव्हल धरली, पण पूर्ण काम माझ्या एकटीच्या नावावर त्यांनी कधी दिलं नव्हतं. त्या रात्री मी जेवले नाही. आनंदानं की भीतीनं, ते अजून ठरवता आलेलं नाही.

मी वहीत एकेका मालाचं एकेक पान केलं होतं. सागवानी पट्ट्या परतवाड्यात चांगल्या मिळतात, पण बोट जड होते आणि दर वर्षी तेल पाजावं लागतं. नक्षीचा ॲल्युमिनियमचा पत्रा टिकतो, पण आपल्याकडच्या मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय ठेवला तर फोड येईल. मैदानावर घालतात तसलं प्लास्टिकचं गवत पाणी धरून ठेवतं, कुणाला उलटी झाली तर आठ दिवस वास जात नाही. रेल्वेच्या डब्यात असते तशी दाणेदार शीट घट्ट पकडते, पण तिच्यावर पोर पडलं तर गुडघा सोलतो, आणि ती दिसतेही मळकी. मग अकोल्याच्या एका दुकानात मला ती लाकडाच्या छापाची चकचकीत शीट दिसली. हुबेहूब सागवान. देवीदासजींना फोटो पाठवला, त्यांनी तिकडून पाच अंगठे पाठवले.

इथे दुसरी दुरुस्ती. मागच्या पत्रात मी ‘शीट त्यांनी निवडली’ असं लिहिलं. निवडली मी. त्यांनी फक्त होकार दिला. दुकानात मी ती कोरड्या हातानं चोळून पाहिली, चप्पल घालून तिच्यावर उभी राहिले, आणि मनात एकच विचार होता की फोटोत काय सुंदर दिसेल. पाणी मागितलं नाही. बोटीची फरशी घेताना मी पाणी मागितलं नाही! आणि एवढ्यानं भागलं नाही म्हणून पूजेच्या आदल्या दिवशी तिच्यावर पॉलिशही मारलं.

तुझ्या लक्षात आलं असेल मी कशाबद्दल बोलते आहे. शाळेत नाव घालायच्या आधी मी तुझ्याकडून आणि बाबांकडून फरशी शिकले. तुझ्या वडिलांचा, म्हणजे नत्थुजी आजोबांचा नेम तूच मला सांगितलास. फरशी बसली, सांधे भरले, पुसून झाली, तरी ते ‘काम झालं’ म्हणायचे नाहीत. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईला बोलवायचे, फरशीवर बादली उपडी करायचे, आणि तिला ओल्या पायांनी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालायला लावायचे. स्वतः तिच्या बाजूनं, हात पुढे करून. ती पोहोचली की मगच अवजारं पिशवीत जायची. मी पाच वर्षांची असताना तिवस्याच्या एका घरात बादली माझ्या हातात होती. त्या म्हातारीनं मधेच थांबून आजोबांना विचारलं होतं, ‘मिस्त्री, मले पाडाचा बेत हाये काय?’ आणि आजोबा म्हणाले, ‘पडाचं असन तं आज पड वो माय, आज मी हावो धराले.’ सगळं घर हसलं. मला तेव्हा तो खेळ वाटला होता.

बोटीचं काम संपलं तेव्हा मी बाबांना विचारलं, ओल्या पायाचं काय करायचं? बाबा हसून म्हणाले, ‘बोट काय घर हाये? तिची सासू कुठून आणतं?’ मीही हसले. तिसरी दुरुस्ती हीच, की मी हसले. वाद घातला नाही. मनात खटकलं होतं, हे आज लिहिणं सोपं आहे.

आणि मग पूजा झाली, नारळ फुटला, नारळाचं पाणी त्या चकचकीत शीटवर सांडलं, आणि त्या दिवशी बोटीतली सगळ्यात वयस्क बाई तू होतीस. तुला कुणी सांगितलं नव्हतं, बाजूला हात पुढे करून कुणी उभं नव्हतं. मी तर काठावर उभी राहून फोटो काढत होते. तो फोटो माझ्याकडे आहे. त्यात तू अजून पडलेली नाहीस, तुझा उजवा पाय पुढे आहे, आणि अनवाणी आहे.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं कशा पडलात, तर माझ्याकडे बघत तू म्हणालीस, ‘मायी चप्पल घसरली.’ तू का म्हणालीस ते मला त्याच क्षणी कळलं. बाबांनाही कळलं, कारण त्यांनी मान खाली घातली. मला तेव्हा बोलता आलं असतं. मी तुझ्या पिशवीत पाण्याची बाटली शोधत बसले.

त्यानंतर मी काय केलं ते सांगते. पहिल्यांदा पॉलिश उतरवलं, तीनदा. मग उरलेल्या तुकड्यावर पाणी ओतून उभी राहिले. तरी घसरते. मग गच्चीवर एका फळीवर सगळ्या मालाचे तुकडे शेजारी शेजारी लावले, ओले केले आणि फळीच्या एका टोकाखाली एकेक वीट वाढवत गेले. कपडे सुकवायची दोरी हातात धरून अनवाणी चढायचं आणि कोणत्या विटेला पाय सुटतो ते लिहायचं. आपली सुंदर शीट पहिल्याच विटेला सुटली. दाणेदार शीट चार विटांपर्यंत टिकली. माझ्या वहीत नव्हती ती, लांब खाचा पाडलेली फोमची शीट तीन विटा टिकली, आणि मी तिच्यावर मुद्दाम गुडघा आपटला तर सोलला नाही. शेजारच्या काकू वरून ओरडल्या, ‘सर्कशीत चाल्ली काय वो?’ मी म्हटलं, ‘हो, तिकीट काढा.’ मी असं उत्तर दिलं याचं मलाच नवल वाटलं.

फोमची शीट मी मागवली आहे, फिक्या वाळूच्या रंगाची, म्हणजे ऊन कमी धरेल. ती मे महिन्यात किती तापेल हे मला अजून माहीत नाही. डिसेंबरात मेचं ऊन कुठून आणू? तेवढं देवीदासजींना लिहून देणार आहे. तळातलं पाणी बघायच्या झाकणावर वेगळा तुकडा बसवणार, म्हणजे झाकण उघडता येईल. अकोल्याहून माल सोमवारी येतो.

बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ‘लावलेली फरशी उखडली तं लोक म्हणतीन, खुशालरावच्या पोरीले काम येत नाही. रबरी पायपुसणं टाक अन् मोकळी हो.’ मी म्हटलं, लोकांनी म्हणावं. मला ते काम खरंच आलं नाही. आता येतं. बाबा उठून दुकानात गेले. तीन दिवस झाले, घरात आम्ही भाजीत मीठ कमी-जास्त एवढंच बोलतो. आत्या, मला घाबरायला होतं हे तुला माहीत आहे, कुलूप लावलं की नाही बघायला मी दोनदा परत येते. पण या एका गोष्टीला मी घाबरत नाही. माझंच काम आहे, ते मीच उखडणार.

देवीदासजींना फोन केला. चांगले आहेत, ओरडले नाहीत. त्यांनी मात्र एकच विचारलं, ‘तुमच्या आत्याच म्हणून राह्यल्या का चप्पल घसरली, मंग फरशीचा काय दोष?’ मी फक्त बोट कधी सुरू होते ते विचारून फोन ठेवला. रविवारी, चौदा तारखेला, बोट सुरू होते आहे. पहिली फेरी अमरावतीच्या ज्येष्ठ नागरिकांच्या एका मंडळाची, पंचवीस जण. आणि पायात चप्पल असो की नसो, बोटीत पाणी उडणारच. मग मी माणिकबाईंना, म्हणजे देवीदासजींच्या पत्नीला फोन केला. बोट दोघांच्या नावावर आहे. त्या दिवशी त्यांनीच तुझं डोकं मांडीवर घेतलं होतं. म्हणाल्या, ‘मी काय आंधळी हावो? पाय उघडे होते त्यांचे. ये तू, बोटीच्या साखळीची किल्ली मायाजवळ हाये.’ मी दोनदा विचारलं, नक्की ना? त्या म्हणाल्या, ‘तिसऱ्यांदा इचारशीन तं नाही म्हणीन.’

तर पत्राचं कारण हे. मी उखडायला लागले की देवीदासजी बाबांना फोन करतील, आणि बाबा तुला. ते कुणाचं ऐकत नाहीत, फक्त मोठ्या बहिणीचं ऐकतात. तेव्हा तू पुन्हा चपलेचं सांगितलंस तर काम थांबेल, आणि चौदा तारखेला कुणाची तरी आई त्या शीटवर पाय ठेवेल. मला वाचवण्यासाठी तू जे बोललीस, ते आता मागे घे. तू गप्प राहिलीस तरी मी जाणारच आहे, पण तू खरं बोललीस तर बाबा माझ्याशी बोलायला लागतील. चपला मी शिवमच्या हाती पाठवत नाही. हात सुटला की स्वतः न्यायला ये, आणि मग एकदा बोटीपर्यंत चल. बादली मी उपडी करीन. या वेळी हात पुढे करून मी बाजूला असेन. पहिली परतवाडा गाडी धरून, पटाशी आणि हातोडी घेऊन मी निघते आहे, मंगळवारी, ९ डिसेंबरला.

तुझीच,
मोना