एक ओळ डावीकडे सरकली

मंगळवार, ऑगस्ट १९९४. डोंबिवली

आज ऑफिसात भारतीने मला गप्प केलं. कळव्याची पोरगी, नोकरीला लागून जेमतेम वर्ष झालंय. रोज डबा खाऊन झाला की ओळी आपोआप नीट लावणारा फॉर्मॅटर ती प्रोग्राम लिहायच्या एडिटरला जोडत बसायची. एक बटण दाबलं की सगळा प्रोग्राम शिस्तीत. मी हसलेलो, "प्रोग्रामला काय इस्त्री करायचीय?" माझ्या ओळी मी हाताने लावतो, दहा वर्षं.

कारखान्याच्या हजेरीचा प्रोग्राम तीन दिवस अडलाय. वेळेवर आलेल्या कामगारालाही उशिराचा शेरा पडतो. तिथल्या पाटलांना मी फोनवर ऐकवलेलं, "मशीन खोटं बोलत नाही, तुमची माणसंच उशिरा येत असतील."

आज भारतीने माझ्या प्रोग्रामवर ते बटण दाबलं आणि एक ओळ डावीकडे सरकली. एकच. शेरा मारणारी. 'उशीर झाला तर' या अटीखाली मी दोन ओळी आत सरकवून लिहिलेल्या, पण दोन्हींना एकत्र बांधणारा कंस घातलाच नव्हता; कंस नसला की मशीन फक्त पहिली ओळ अटीतली धरतं. मला दोन्ही अटीतल्या वाटत होत्या. मशीनच्या लेखी दुसरी बाहेर, म्हणजे सगळ्यांनाच लागू.

"मी काही नाही केलं सर, ओळ आपणहून गेली," म्हणाली. काय डोकं आहे! आणि तोरा कसला तो नाही. मला साधं शाब्बास का म्हणता आलं नाही? "माझ्याही एडिटरला जोडून दे," एवढंच म्हणालो.

अजून ती ओळ सरकताना दिसतेय. उद्या पाटलांना फोन करायचा. मशीन खोटं बोलत नाही, हे खरंच. खोटं मी लिहिलेलं, तेही इतकं सुबक.