एकशे चौदा नंबरचं विमान

राजाजीनगर, बेंगळूरु
९ नोव्हेंबर २०२५, रविवार

चि. प्रणीत,

आईचे आशीर्वाद, आणि डोक्यावरून हात फिरवला असं समज. सूनबाईंना, संहितेलाही, तसंच सांग.

मारतहळ्ळीच्या पुलाजवळचे आपले रविवार तुला आठवतात का? सगळे सारखेच होते, म्हणून कुठलाही एक घे. अप्पांची निळी स्कूटर रस्त्याच्या कडेला लावलेली, तू पुढे उभा, माझ्या मांडीवर कोडबळ्यांचा डबा. विमान उतरायला इतकं खाली यायचं, की ते तुझ्या टोपीला लागेल या भीतीने तू दर वेळी मान खाली घालायचास. अप्पा खिशातला रुमाल काढून हलवायचे. मी म्हणायचे, "अहो, वैमानिक काय तुमचा रुमाल बघत उतरणार आहे?" तर तू माझ्यावरच चिडायचास. "बघतो! मला दिसला तो!" मग अप्पा अगदी गंभीरपणे विचारायचे, "टोपी होती का रे त्याला?" आणि तू नीट विचार करून सांगायचास, "होती. पण काढून ठेवली होती."

फोनवर आपलं "जेवलास का" आणि "तिकडे थंडी पडली का" एवढं होतं, आणि मग दोघांनाही एकदम काहीतरी काम आठवतं. म्हणून लिहिते आहे. कॉन्व्हेंटच्या सिस्टरांनी माझं इंग्रजी अक्षर वळणदार केलं. मराठी माझ्या वडिलांनी घरी पाटीवर गिरवून घेतलं, त्यामुळे ते अजून थोडं शाळकरीच आहे. सांभाळून घे.

घरी सगळं ठीक. कढीपत्त्याचं झाड आता गच्चीच्या कठड्याला लागलं आहे. खालच्या मजल्यावरचे विश्वासराव गुडघ्यांनी बेजार आहेत, तरी रोज जिना चढून पेपर आणून देतात आणि दहा मिनिटं डॉक्टरांना शिव्या घालतात. मी बरी आहे. बीपीची गोळी घेते.

आता काम सांगते. मला एक विमान कंपनी निवडायची आहे आणि त्यात तुझा सल्ला हवा आहे. हसू नकोस. व्हर्च्युअल एअरलाइन म्हणजे काय ते तुला मी काय सांगणार. कॉलेजात असताना तूच अप्पांना त्या क्लबात नेलंस. कंपनी खोटी, विमान कॉम्प्युटरवरचं, पण वेळापत्रक, हुद्दे, रिपोर्ट आणि शिस्त सगळी खरी. तर तो आपला क्लब डिसेंबरअखेर बंद होतो आहे. विराट एकटाच तो चालवायचा, इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या त्याच्या फ्लॅटमधून. आता त्याला मुलगी झाली आहे. म्हणाला, "अम्मा, ती झोपते तेव्हा मी झोपतो. विमानं कोण बघणार?" सगळ्या सभासदांनी दुसरीकडे जागा बघून घ्यावी, असं त्याने कळवलं आहे.

सभासद अप्पा होते, मग मला का कळवलं, हे तू विचारशीलच. जरा थांब, तिथे येते.

मी तीन ठिकाणं पाहिली. पहिली फार मोठी, जगभराचे हजारो वैमानिक, परीक्षा, खांद्यावर पट्टे. त्यांच्या एका मुलाने मुलाखतीसाठी कॉल केला आणि माझा आवाज ऐकून म्हणाला, "मॅम, अर्जदार घरी आहेत का?" मी म्हटलं, "बोलतेय तीच." तो इतका गडबडला की पहिला प्रश्न त्याने दोनदा विचारला. रेडिओवर बोलायची परीक्षा मात्र मी अशी दिली, की त्याने शेवटी विचारलं, "मॅम, तुम्ही कुठे शिकलात?" सिस्टर असत्या तर खूश झाल्या असत्या. शब्दाचं शेवटचं अक्षर गिळलं की त्या टेबलावर पट्टी आपटायच्या. ती शिस्त इतक्या वर्षांनी आकाशात उपयोगी पडली. मला त्यांनी घेतलं आहे. पण तिथे गेलं की मी पाच हजारांतली एक.

दुसरी फक्त माल वाहून नेते. प्रवासी नाहीत, घोषणा नाहीत, कोणी कोणाशी बोलत नाही. एकट्या माणसाला ती सोयीची आहे. म्हणूनच नको वाटते.

तिसरीबद्दल शेवटी सांगते.

तू फ्लाइंग स्कूल सोडून घरी आलास तेव्हा अप्पा काही बोलले नाहीत. भांडले असते तर बरं झालं असतं. तू पुण्याला निघालास त्या सकाळीही ते खाली स्कूटर पुसत राहिले. ती आधीच स्वच्छ होती, हे तुलाही दिसलं असेल. त्यानंतर त्यांनी तुझ्या खोलीत टेबल टाकलं. तुला वाटलं की खोली काढून घेतली. तू संहितेला तसं म्हणालास, आणि तिने मला सांगितलं. तिला रागावू नकोस. ते गेले तेव्हा तू तेरा दिवस इथे होतास, पण त्या खोलीचं दार तू ढकललं नाहीस. म्हणून आत काय आहे ते मीच सांगते.

टेबलावर विमान वळवायची दोन चाकं आहेत. खऱ्या विमानात असतात तशी, शिंगांसारखी, ज्यांना योक म्हणतात. पीण्या औद्योगिक वसाहतीतल्या त्यांच्या कारखान्यात निवृत्तीआधीच्या वर्षी उरल्यासुरल्या लोखंडातून त्यांनी ती लेथवर स्वतः घडवली. दोन्ही चाकं आतून एका दांडीने जोडलेली आहेत. एक फिरवलं की दुसरं आपोआप फिरतं. समोर दोन खुर्च्या. कप्तानाची डावी. ते कधीच डावीकडे बसले नाहीत. उजवीकडून उडायचे, मला मागे स्टुलावर बसवायचे आणि म्हणायचे, "विमला, तू चेकलिस्ट वाच, तुझं इंग्रजी स्पष्ट आहे." इतकी वर्षं मी वाचत होते. एकदा विचारलं, "अहो, कप्तान असून तुम्ही उजवीकडे का?" तर समोर बघतच म्हणाले, "डावी त्याची आहे." बस, एवढंच. पुढे मी "फ्लॅप्स" वाचलं आणि त्यांनी "सेट" म्हटलं.

ते गेल्यावर एक दिवस त्यांच्या मेलवर क्लबाची सूचना आली. तुला नियम ठाऊक आहे: महिन्यात एकदा तरी उडायचं, नाहीतर नाव गळतं. कॅप्टन रविकिरण, नंबर एकशे चौदा, आपली आठवण येते, आठवड्यात उड्डाण न केल्यास नाव काढण्यात येईल. यंत्राने पाठवलेली मेल होती रे. पण मला वाटलं, रेशनकार्डातून काढलं, बँकेतून काढलं, आता इथूनही काढणार. मी उजव्या खुर्चीत बसले. पासवर्ड आठवायला वेळ लागला नाही. तूच ठेवलेला होतास, स्कूटरचा नंबर. पहिल्यांदा तुमकूरच्या अलीकडे एका शेतात पडले. मग शिकले. तेव्हापासून दर महिन्याला एक उड्डाण, अप्पांच्या नावावर. कोणाला कळत नाही असं मला वाटत होतं.

ऑक्टोबरमधली गोष्ट. दुपारची वेळ, मी नारळ खवत होते, आणि टॅबवर क्लबाचा नकाशा उघडा होता. उगीचच ठेवते; कोण कुठे उडतं आहे ते दिसत राहिलं की घरात जाग असल्यासारखं वाटतं. बघते तर पुण्याहून एक विमान निघालेलं, बेंगळूरुकडे. नंबर एकशे चौदा.

मी तर स्वयंपाकघरात होते.

नारळ तसाच राहिला. विमान कोल्हापूरवरून आलं, हुबळीवरून आलं. मी खुर्ची ओढून बसले. देवनहळ्ळीच्या नव्या विमानतळावर उतरायचं होतं, वेळापत्रकात तेच लिहिलेलं, पण ते तिथे उतरलं नाही. शहराला वळसा घालून व्हाइटफील्डवर गेलं, तिथून सावकाश पश्चिमेला वळलं आणि मारतहळ्ळीच्या पुलावरून खाली खाली येत जुन्या विमानतळावर टेकलं. जिथे आता प्रवाशांचं विमान उतरत नाही. जिथे नियमाने उतरता येत नाही. अप्पा कधी नियम मोडायचे नाहीत. हट्ट करणारा वेगळा होता, "आपल्या विमानतळावर, अप्पा, आपल्या!" म्हणणारा.

थोड्या वेळाने विराटचा फोन. "अम्मा, सर जुन्या एअरपोर्टवर उतरलेत. रिपोर्ट रिजेक्ट करावा लागतो, सॉरी."

मी म्हटलं, "विराट, सर जाऊन दोन वर्षं होऊन गेली."

"गोत्तु, अम्मा," तो म्हणाला, म्हणजे ठाऊक आहे. "सगळ्या क्लबाला ठाऊक आहे. सर विमान आपटायचे. तुम्ही अलगद ठेवता. एवढं सुधारायला ते गेल्यावर कुठे शिकले?" मला हसू आलं, आणि मग दुसरंही आलं. तो पुढे म्हणाला, "पण अम्मा, आजचं तुमचं नव्हे. आजचं लँडिंग स्वल्प हार्ड होतं. अगदी सरांसारखं."

मी "सरी", म्हणजे बरं, म्हणाले आणि फोन ठेवला.

कोण होतं ते मी तुला विचारत नाही. तू सांगावंस असंही नाही. फक्त एवढंच कळवते, की त्या दिवशी मी टॅब बंद केला नाही, ते छोटं विमान नकाशावरून नाहीसं होईपर्यंत. आणि हो, हातातला रुमाल हलवला. वेडी बाई म्हण.

आता तिसरी कंपनी. म्हैसूरचे नंजुंडय्या नावाचे निवृत्त बँक मॅनेजर ती चालवतात, अकरा सभासद. त्यांची गंमत अशी, की ते जुनं वेळापत्रक चालवतात, देवनहळ्ळीचा विमानतळ होण्याआधीचं. त्यांच्या नकाशावर तिथे द्राक्षांचे मळे आहेत, आणि बेंगळूरुची सगळी विमानं जुन्या विमानतळावरच उतरतात. आणखी एक: त्यांच्याकडे एका विमानात दोघांना बसता येतं, दोघांचीही नावं रिपोर्टात जातात. तिथे एकशे चौदाचं ते उड्डाण मान्य झालं असतं. तिथे ते चुकलेलं नव्हतं.

मी तिथे जाते आहे, माझ्या स्वतःच्या नावाने. विमला, नंबर बारा. सल्ला विचारला आणि निर्णयही मीच सांगितला, ही तुझ्या आईची जुनी सवय.

अप्पांच्या नावावर मी आता उडणार नाही. सभासद गेला की त्याचे उड्डाणाचे तास त्याच्याच नावाने ठेवायचे आणि नंबर घरच्यांनी सांगितलेल्या माणसाला द्यायचा, असा विराटच्या क्लबाचा रिवाज आहे, आणि नंजुंडय्याही तो पाळणार आहेत. ते म्हणाले, "अम्मा, नंबर कोणाला द्यायचा ते लिहून कळवा." तर त्यांना कळवण्याआधी तुला लिहिते, आणि लिहितेच आहे तर बाकीच्या वस्तूंचंही.

अप्पांच्या टेबलाखालचे पायाने दाबायचे पेडल विश्वासरावांना. मी नवे घेतले आहेत, आणि डॉक्टरांनी त्यांना घोटे हलवायला सांगितलं आहे. सायकलपेक्षा हे बरं, निदान पडणार नाहीत. अप्पांचा जुना हेडफोन विराटला, मुलगी रडायला लागली की कानावर चढवायला. चिकपेटहून आणलेली जांभळी इरकल साडी संहितेची; ती कपाटात वरच आहे, तिने येऊन पदराचा रंग बघून घ्यावा, मला तो फोटोत नीट टिपता येत नाही. चेकलिस्टांची फाइल मी कोणाला देणार नाही. ती मीच वाचणार.

एकशे चौदा नंबर तुझा. स्कूटरची किल्ली तुझी. पासवर्ड तर आधीपासून तुझाच आहे.

आणि डावं चाक तुझं. ते पार्सलने पाठवता आलं असतं तर पाठवलं असतं, पण अप्पांनी दोन्ही चाकं टेबलाला बोल्टने आवळून ठेवली आहेत आणि मधली दांडी कापली तर दोन्ही निकामी होतात. मी उजवीकडून वळले की ते डावं रिकामंच वळतं. इतकी वर्षं वळतं आहे. खोलीचं दार मी उघडंच ठेवते.

उजव्या खुर्चीतून,
तुझी आई