पैलवान अ‍ॅम्पचे काय करावे

मी, सभा-समारंभांना स्पीकर भाड्याने देणारा, वय पासष्ट, हे स्वतःच्या हाताने आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. आहे तो रक्तदाब. येत्या गुरुवारी हृदयाचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, "काही होत नाही हो, आमचं रोजचंच काम आहे." रोजचे काम माझेही होते, तरी ऐन भाषणात माइक बंद पडलेले मी पाहिले आहेत. म्हणून आजवर कोणाला तोंडी काही कबूल केले असेल तर ते विसरावे आणि हेच शेवटचे मानावे.

कलम १. राहते घर आणि बँकेतली सर्व शिल्लक पत्नीला द्यावी. घर तसेही तिचेच आहे, मी तिथे सामान घेऊन मुक्कामाला आल्यासारखा राहिलो. बैठकीतली केबलची वेटोळी तिने बाहेर काढावीत. त्यासाठी मी मरायची वाट बघायची तिची तयारी नाही, असे तिने आत्ताच स्वयंपाकघरातून कळवले आहे.

कलम २. गोदाम, टेम्पो, मिक्सर, आठही स्पीकर आणि धंद्याचे नाव माझ्या एकुलत्या एक मुलीला. ती तिशीची आहे, पण मी तिला अजून ठकीच म्हणतो. वीज मोजायचा माझा मीटर मात्र मेहुण्याला द्यावा. तो खोक्यावर हजारो वॅट छापलेले स्वस्त अ‍ॅम्प विकतो. नाव मोठे, लक्षण खोटे. त्याने एकदा तरी ते मोजून बघावेत, एवढीच माझी इच्छा.

कलम ३. स्पीकरना ताकद देणारा माझा जुना अ‍ॅम्प, ज्याला आम्ही पैलवान म्हणतो, तो विकू नये, मोडीत घालू नये आणि त्याच्या जागी हलका अ‍ॅम्प आणू नये. येत्या शनिवारी मैदानावर मोठी सभा आहे. ते काम ठकी एकटी करणार आणि त्याच वेळी मी दवाखान्यात नळ्या लावून पडलेलो असणार. काम बिघडले तर लोक म्हणतील, बाप होता तोवर ठीक होते. धंद्यातले नाव जायला एक संध्याकाळ पुरते. ती म्हणते हलका घेऊ, एका हाताने उचलता येतो. मी म्हणतो, लोखंड नाही त्यात दम कुठून येणार? या कलमाचे उल्लंघन झाल्यास गोदाम पत्नीकडे जाईल.

(वरील कलम रविवारी लिहिले. आज मंगळवार आहे. मध्ये जे झाले ते सांगणे भाग आहे.)

कलम ४. काल ठकी एक हलका अ‍ॅम्प, नाही पटला तर परत करण्याच्या बोलीवर घेऊन आली. मामाच्या दुकानातला नव्हे, हे तिने दारातच सांगितले. मी पैलवानाकडे बघितले. त्याला उचलायला दोन माणसे लागतात. सभागृहाच्या पायऱ्यांवर मागच्या महिन्यात दुसरा माणूस आला नव्हता, म्हणून मी एकट्याने उचलला आणि तिथेच छाती धरून बसलो. ही गोष्ट ठकीने काढली नाही. तिने नुसता नवा अ‍ॅम्प काखेत मारला आणि माळ्यावर जाऊन परत खाली आली.

मी तिची परीक्षा घेतली. खोक्यावरचा मोठा आकडा कसला? "तो क्षणभराचा, बाबा. सतत किती देतो ते आतल्या कागदावर असतं, आठ ओहमच्या स्पीकरला किती आणि चारच्याला किती." कमी ताकदीचा घेतला तर? "तो ओरडायला लागतो, आवाज फाटतो आणि वरचे बारीक भोंगे जळतात. म्हणून स्पीकरच्या गरजेपेक्षा थोडा जास्तच घेतलाय." सगळे बरोबर. मला त्याचाही रागच आला.

मग मी जे केले ते साउंडवाल्याशिवाय कोणी करणार नाही. ती चहा टाकायला गेल्यावर मी नव्या अ‍ॅम्पच्या एकाच बाजूला दोनच्या जागी चार स्पीकर जोडले. पैलवान हे सहन करायचा, याने करून दाखवावे. गाणे लावले, आवाज चढवला. थोड्याच वेळात लाल दिवा लागला आणि तो गप्प झाला. मी ओरडलो, "बघ! मूर्ती लहान, कीर्ती महान म्हणत होतीस ना? पडला बंद!"

ठकीने मागची जोडणी बघितली. दोन स्पीकरच्या तारा काढल्या, पंख्यापुढे हात धरला, वाट बघितली. दिवा हिरवा झाला आणि गाणे पुन्हा ऐकू येऊ लागले.

"बाबा, झेपत नाही म्हणून तो थांबला. स्पीकर वाचले, तोही वाचला. पैलवान थांबत नाही. मागे जळला तेव्हा दोन स्पीकर घेऊन जळला, आठवतंय?" मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुम्हीही त्या पायऱ्यांवर थांबला नाहीत."

पत्नी दारात चहा घेऊन उभी होती. तिने पहिला कप ठकीला दिला.

कलम ५. कलम ३ रद्द. हलका अ‍ॅम्प ठेवून घ्यावा. एका बाजूला दोनच स्पीकर, पंख्याची जाळी दर कामानंतर झाडावी, जनरेटरवर आधी वीज तपासावी. तिला हे माहीत आहे. जित्याची खोड, म्हणून लिहितो. पैलवान गोदामाच्या दाराला टेकू म्हणून लावावा. वारा फार असतो.

कलम ६. आमच्या कामाची एक रीत आहे. कार्यक्रम सुरू होताच पत्नी शेवटच्या रांगेत बसते. शब्द स्वच्छ कळले नाहीत तर पांढरा रुमाल वर करते. मिक्सरवर बसलेल्याला मागचे कधीच कळत नाही. पण ती म्हणते, शनिवारी मी दवाखान्यातून हलणार नाही. तिला मी समजावले, हात जोडले, सगळे पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून हे कायद्याच्या कागदावर घालतो: शनिवारी तिने मैदानावर, शेवटच्या रांगेत बसावे. माझ्या उशाशी बसून यंत्राचे आवाज ऐकण्यात तिच्या कानांचा काही उपयोग नाही.

मला भीती वाटते. ऑपरेशनची वाटते, आणि ठकी मैदानावर एकटी असेल याची त्याहून जास्त. रविवारी सकाळी पत्नीने येऊन मला सांगावे, रुमाल किती वेळा वर गेला. ते ऐकल्याशिवाय मी कुठेही जाणार नाही.

ज्याला यातून काही मिळते त्याने साक्ष देऊ नये, असे वकीलसाहेबांनी बजावल्यामुळे पत्नी व मुलगी यांच्या सह्या घेतल्या नाहीत. मेहुणा मीटरमुळे बाद झाला.

लिहून ठेवणार: (सही)

साक्षीदार, ज्यांच्यादेखत मी सही केली आणि ज्यांनी माझ्यादेखत केली:
१. शेजारचे खुर्च्या भाड्याने देणारे (सही). यांनी शनिवारी शेवटच्या रांगेत एक गादीची खुर्ची ठेवण्याचे कबूल केले आहे.
२. आमचे घरचे डॉक्टर (सही). वरील गृहस्थ शुद्धीत आहेत, फक्त घाबरलेले आहेत.

ठिकाण: गोदाम, नव्या अ‍ॅम्पच्या झाकणावर कागद ठेवून.
तारीख: ऑपरेशनआधीचा मंगळवार.