आठवणीतला ण

आबा, मी नवा टॅबलेट घेतला. घरात आधीच एक लॅपटॉप, दोन फोन आणि नुसतं पुस्तकं वाचायचं एक यंत्र आहे. लांज्याहून धाकटा भाऊ आला की ही रांग बघून कपाळाला हात लावतो. "बाय, अजून एक डबा? काय करतंस गो एवढ्यांचं?" मी म्हणते, तू दर वर्षी छत्र्या हरवतोस, मी विचारते काय? कचेरीत पहिला कॉम्प्युटर आला तेव्हा त्याच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत, आणि आत पुरुषमंडळी देव्हाऱ्यासमोर असल्यासारखी हात बांधून उभी. खुर्चीवर बसले ती मी. निवृत्त झाल्यावर त्या आवडीला वेळ मिळाला, इतकंच.

दुपारी मी वाचायच्या यंत्रावर रहस्यकथा वाचते. कुणीतरी जुनी पुस्तकं घाईघाईनं त्यात भरली आहेत, त्यामुळे खुनी सापडायच्या आधी पानापानावर चुका सापडतात. चुकलेल्या शब्दावर बोट दाबून धरलं की विकणाऱ्यांना तक्रार जाते. 'खून' दीर्घ असतो, असं मी परवा कळवलं. आभाराचं उत्तर आलं, तेही इंग्रजीतून. चहा गार होईपर्यंत मी संतापत बसले होते, आणि मग ध्यानात आलं की हा संताप कुणाचा आहे.

कोल्हापूरचं कॉन्व्हेंट. मी दहा वर्षांची, हॉस्टेलच्या जेवणघरात बसून तुम्हाला मराठीत लिहिते आहे: मला घरची आठवण येते, न्यायला या. आठवणीतला ण मी न लिहिला आहे. आठ दिवसांनी पाकीट येतं. आत माझंच पत्र. न खोडून त्यावर लाल शाईनं ण, आणि खाली तुमच्या वळणदार अक्षरात, 'पुन्हा लिहून पाठव.' न्यायला येणार की नाही, त्याबद्दल एक शब्द नाही. मराठी शाळेतले मास्तर तुम्ही, मुलीला इंग्रजी शाळेत घातलंत तुम्ही, आणि चूक मात्र तिची. सुट्टीत मी भांडले तेव्हा तुम्ही जेवता जेवता म्हणालात, "आपल्या घरात पहिली पाटी माझ्या हातात आली. दुसऱ्यांचा न खपतो. आपला ऐकला की लोक गाव विचारत नाहीत, वाडी विचारतात." मला तेव्हा ते कळलं नाही. पुढे नोकरीत पुष्कळांनी वाडी विचारली, तेव्हा कळलं. पण त्या सुट्टीनंतर मी तुम्हाला मराठीत एक ओळ लिहिली नाही. सगळी पत्रं इंग्रजीत, सिस्टरनी शिकवलेल्या तिरप्या अक्षरात. काढा म्हटलं आता चुका.

गेल्या महिन्यात भाऊ टॅबलेट उलटासुलटा करून बघत सहज म्हणाला, "तुझं पत्र आलं की आबा डिक्शनरी घेऊन बसायचे. दोन दोन दिवस. आई म्हणायची, हायस्कुलातल्या सरांकडून वाचून घ्या. तर म्हणायचे, घरचं पत्र आहे."

"हे मला आत्ता सांगतोस?"

"तू विचारलंस काय कधी?"

टॅबलेटला आपण बोललेलं लिहिता येतं. हे पत्र मी तसंच बोलून लिहिलं. मध्येच मी मुद्दाम ण च्या जागी न म्हणून पाहिलं, तीनदा. तिन्ही वेळा त्यानं निमूट ण लिहिला. लाल शाई नाही, चुकलीस असं सांगणं नाही. तुमचे सगळे कष्ट त्यानं एका क्षणात उरकले, आणि मला त्याचा राग आला. माझा न तुम्ही निदान ऐकला होतात.

हे पाठवायला पत्ता नाही, तेव्हा ते टॅबलेटमध्येच राहील. एक सांगायचं आहे. शेवटची ओळ मी बोलले नाही. दुरुस्तीची सोय बंद केली आणि एका बोटानं टाइप केली.

आबा, तुमची आठवन येते.