बांडीला फोन

प्रिय आई,

इथूनच तुझ्या पाया पडते.

फोनवर तुला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहितेय. मावशीकडून वाचून घे. गुडघ्याला तेल लावतेस ना? तिच्या घरी लाजून अर्धपोटी उठू नकोस.

माझी खोली बरी आहे, भिंतींना ओल नाही. हॉटेलच्या चादरींना इस्त्री करायचं काम सावलीतलं आहे. फक्त संध्याकाळी या हातांचं काय करावं ते कळत नाही. शेत दोघींच्यानं होत नव्हतं, विकलं ते बरंच केलं.

काल आपलं शेत आणि गाय घेतलेल्या मास्तरांचा फोन आला. म्हणाले, "ताई, तुमची बांडी गाय पान्हा चोरतेय. कासेला हात लावू देत नाही. धार काढताना तुम्ही तिला काय म्हणायचात?"

मी म्हटलं, "फोन तिच्या कानाशी धरा." आणि इस्त्रीच्या कामावरच्या सगळ्या बायकांसमोर गोठ्यात मारायचे तशी हाक मारली. बायका आधी खो खो हसल्या, मग इस्त्र्या बाजूला ठेवून जवळ आल्या.

थोड्या वेळानं मास्तर म्हणाले, "सोडला हो पान्हा! पण ती सारखी मान वळवून माझ्या मागं कुणाला तरी शोधतेय. बोला अजून."

त्यांनी फोन पुन्हा तिच्या कानाशी नेला. निघताना आपण म्हणतो, तसं मी "येते हं" म्हटलं आणि फोन ठेवला.

आई, तिनं ते खरं धरलं असेल का गं?

तुझी थोरली